प्रमाणपत्र कोणाच्या नावावर?

चंद्रपूर आणि गडचिरोलीचा तांदूळ, मध, मोहफुलं, हिरडा-बेहडा शहरात विकायला ठेवले की त्यांच्यामागे ‘सेंद्रिय’ हा शब्द आपोआप येतो. जंगलातला माल, म्हणजे विष नसणारच, असं विकणाराही धरून चालतो आणि घेणाराही. कायदा तसं धरून चालत नाही. अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने सेंद्रिय अन्नाचे नियम २०१७ साली केले आणि १ जुलै २०१८ पासून ते लागू झाले. तेव्हापासून दुकानातल्या पाकिटावर सेंद्रिय लिहायचं तर प्रमाणपत्र लागतं. वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेला छोटा उत्पादक स्वतः थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला सूट आहे, पण ‘जैविक भारत’चं चिन्ह त्यालाही लावता येत नाही.

या प्रमाणपत्राविषयी या दोन जिल्ह्यांत दोन मतं ऐकू येतात आणि दोन्ही तितकीच ठाम आहेत. ती समोरासमोर यावीत म्हणून मी त्यांना मामा-भाचीचं नातं दिलं आहे. भाची कृषी पदवीधर. नागभीड-सिंदेवाही पट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम पाहते. मामा धानोरा तालुक्यातले, धान करणारे, ग्रामसभेच्या कामात मुरलेले. दोघंही कोणी एक खरी व्यक्ती नाहीत. वाद मात्र खरा आहे.

मामा : आमच्या पहाडाकडच्या जमिनीत युरियाची चुंगडी कधी गेली नाही. माझ्या बापानं शेणखतावर धान काढला, मीही काढतो. आता कोणी परका येऊन लिहून देणार की हे शुद्ध आहे, आणि त्याच्या येण्याजाण्याचा, राहण्याचा, तपासणीचा खर्च मी द्यायचा. काऊन द्यायचा? विष टाकणाऱ्याला कोणी विचारत नाही अन् न टाकणाऱ्यानं पुरावा द्यायचा?

भाची : तुमच्या गावापुरतं ते खरं असेल मामाजी. पण ‘आमच्याकडे’ म्हणताना तुम्ही केवढा मुलूख धरता? माझ्या पट्ट्यात या. नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरी, सगळीकडे धानाच्या बांध्या. गादमाशी आली, खोडकिडा आला, धान निसवल्यावर तुडतुडे आले की फवारणीचे पंप निघतात. तिकडे राजुरा, कोरपना, वरोरा भागात कापूस अन् सोयाबीन. कापसाचं बियाणं जवळपास सगळं बीटी. सेंद्रिय मानकांत जनुकबदल केलेलं बियाणं चालतच नाही. म्हणजे एक थेंब फवारला नाही तरी तो कापूस सेंद्रिय होत नाही. जिल्हा जंगलाचा आहे म्हणून त्यातलं प्रत्येक शेत निर्विष म्हणायचं, हे मला जमणार नाही.

मामा : मी तुझ्या कोरपन्याचं बोलत नाही. मी भामरागडचं बोलतो, एटापल्लीचं बोलतो, आमच्या धानोऱ्याचं बोलतो.

भाची : ठीक. तिथेही गावोगाव फरक आहे. रस्ता गेला तिथे कृषी केंद्राचं दुकान गेलं. कोणत्या गावात काय गेलं, हे आज कोणाच्याच वहीत नाही. ती वही तयार करणं म्हणजेच प्रमाणीकरण. गट क्रमांक, शेताचा नकाशा, शेजारी कोण आणि काय पेरतो, बियाणं कुठून आणलं, त्याला औषध लावलेलं होतं का, खत कोणतं, किती निघालं, कोणाला विकलं. तुम्ही ज्याला परक्याचा कागद म्हणता त्यातला नव्वद टक्के कागद शेतकऱ्यानं स्वतः लिहिलेला असतो.

मामा : आणि ज्याला लिहिता येत नाही?

भाची : त्याच्यासाठी गट असतो. तसंही माझ्या पट्ट्यात एकट्यादुकट्यानं प्रमाणपत्र घेऊन उपयोग नाही. माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलावाचं पाणी पाटानं येतं आणि एका बांधीतून दुसरीत उतरतं. वरच्यानं युरिया फेकला की खालच्याच्या बांधीत तो न मागता येतो. निरीक्षक विचारणारच : पाणी कुठून येतं, धुरा किती उंच, मधे मोकळा पट्टा किती सोडला? एका पाटाखालचे सगळे एकत्र आले तरच धानाचं सेंद्रियपण टिकतं.

इथे मला थांबायचं आहे, कारण प्रमाणीकरणाविषयी लिहिताना हा मुद्दा सहसा निसटतो. नियमांची भाषा एका शेताची, एका मालकाची आहे. धानपट्ट्यातलं पाणी सातबारा पाहून वाहत नाही. पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी तलाव गावाच्या मालकीसारखे वापरले गेले. पाळ दुरुस्त करायची कोणी, पाणी आधी कोणाला, हे गावानं बसून ठरवलं. तलावाखालच्या शेतकऱ्यांना एकत्र येणं नवीन नाही. पाण्याच्या वाटपासाठी बसणारी माणसं खताच्या निर्णयासाठीही बसू शकतात. प्रमाणीकरणाचा गट यादीत नावं जमवून करण्यापेक्षा एका तलावाचा, एका पाटाचा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता प्रमाणपत्राच्या वाटा. आपल्याकडे त्या दोन आहेत. एक केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, २००१ पासून चालू असलेला, अपेडाच्या देखरेखीखालचा. त्यात मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था तपासणी करते आणि हा माल परदेशी जाऊ शकतो. दुसरी वाट कृषी मंत्रालयाची पीजीएस-इंडिया, म्हणजे सहभाग हमी पद्धती, २०११ पासूनची. तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं पाहून एकमेकांची हमी देतो आणि प्रादेशिक परिषद त्यावर मोहोर उठवते. खर्च नाममात्र, पण बाजार देशापुरता. ‘जैविक भारत’चं चिन्ह दोन्ही वाटांनी मिळतं. हंगामी पिकाला साधारण दोन वर्षांचा आणि फळझाडांसारख्या बहुवार्षिक पिकाला तीन वर्षांचा संक्रमणकाळ धरतात. रासायनिक खत सोडणाऱ्याला ही वर्षं सर्वांत जड जातात : उत्पादन घटलेलं असतं आणि भाव जुनाच मिळतो. २०१५-१६ साली आलेली परंपरागत कृषी विकास योजना याच काळात गटांना हात देण्यासाठी आहे.

मामा : त्रयस्थ म्हणतेस, तो किती शेतं पाहतो?

भाची : मोठा गट असला तर सगळी नाही. सर्वसाधारण हिशेब वर्गमुळाचा आहे. चारशे शेतकरी असतील तर किमान वीस शेतं. जोखीम जास्त वाटली तर त्याहून अधिक.

मामा : अन् बाकीची तीनशे ऐंशी?

भाची : गटाची अंतर्गत नियंत्रण पद्धत असते. गटातली प्रशिक्षित माणसं वर्षातून दोनदा प्रत्येक शेत पाहतात, लिहितात.

मामा : म्हणजे गावातलीच माणसं. मग मी काय वेगळं म्हणतो? शेवटी भरवसा गावावरच ठेवता, पैसे तेवढे परक्याला देता.

भाची : गावातल्या माणसानं खरं लिहिलं की भाऊबंदकीपायी डोळेझाक केली, हे पाहायला परका लागतो. तुमच्या पीजीएसमध्ये सगळे एकमेकांचे सोयरे. सोयऱ्याच्या शेतात युरियाचा रिकामा कट्टा दिसला तर कोण लिहील?

मामा : आणि तुझा परका पैसे कोणाकडून घेतो? ज्याला तपासायचं त्याच्याकडूनच ना? त्यालाही पुढच्या वर्षी गिऱ्हाईक पाहिजे.

मामांची शंका खरी ठरल्याची उदाहरणं आहेत. २०२० साली सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक चालवणाऱ्या संस्थेनं भारतातल्या सुमारे २०,००० टन कापसामागची व्यवहार-प्रमाणपत्रं खोटी असल्याचं उघड केलं. भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्यावर २०२१ मध्ये युरोपीय संघानं इथल्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली. दोन्ही वेळा कागद पूर्ण होते. मालाचा प्रत्येक सौदा नोंदवणारी अपेडाची ट्रेसनेट ही संगणकीय व्यवस्था २०१० पासून चालू होती, तरीही हे घडलं. जगभरातल्या छोट्या शेतकऱ्यांनी परस्पर हमीची पद्धत याआधीच उभी केली होती, आणि ब्राझीलमध्ये ती चांगली रुजली. पण तिथेही ती टिकली ती गटानं आपल्याच माणसाला बाहेर काढण्याची हिंमत दाखवली म्हणून.

मामा : तू पुरावा पुरावा करतेस. तुझ्याच नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव घे. दादाजी खोब्रागडे. १९८३ साली पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवडल्या, अन् एचएमटी झाला. कोणाचा शिक्का होता त्यावर? बारीक दाणा, चांगला भात, म्हणून शेतकऱ्यानं शेतकऱ्याला दिला अन् राज्याराज्यांत गेला. त्या वेळच्या गाजलेल्या घड्याळाचं नाव मिळालं त्याला. लोकांनी भात खाल्ला अन् मानला.

भाची : आणि दादाजींना काय मिळालं?

मामा : ...

भाची : २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार, राष्ट्रपती कलामांच्या हस्ते. आणि ३ जून २०१८ रोजी गेले ते हलाखीतच. त्याच बियाण्यातून निवड होऊन पुढे पीकेव्ही-एचएमटी आला, बाजारात एचएमटीचे किती प्रकार निघाले. तो धान हजारो एकरांवर पसरला तेव्हा त्यावर त्यांचा हक्क कुठेच लिहिलेला नव्हता. तुम्ही म्हणता कागदाशिवाय पसरला. मी म्हणते कागद नव्हता म्हणूनच माणूस मागे राहिला. मला तेच पुन्हा होऊ द्यायचं नाही.

हे उदाहरण मला स्वतःला फार अस्वस्थ करतं. वाणाचा हक्क आणि सेंद्रियतेचं प्रमाणपत्र या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरं. पण प्रश्न एकाच ठिकाणी येतो : नोंद कोणी केली आणि ती कोणाच्या नावावर राहिली? दादाजींच्या बाबतीत नोंद झाली ती दुसऱ्यांकडून आणि उशिरा. प्रमाणीकरणातही हेच होऊ शकतं. पुष्कळ ठिकाणी मोठा खरेदीदार गट बांधतो, फी भरतो आणि प्रमाणपत्र आपल्या ताब्यात ठेवतो. गटातल्या शेतकऱ्याचं शेत सेंद्रिय असतं, पण त्याने तोच तांदूळ दुसऱ्या कोणाला विकला तर तो सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, कारण प्रमाणपत्र त्याच्या नावावर नाही. भाव पडला की त्याला जायला जागा नसते. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमाची आठवी आवृत्ती आली. तिच्यात शेतकऱ्यांच्या गटालाच कायदेशीर अस्तित्व देण्याची तरतूद आहे, आणि ठरावीक अटी पाळल्या तर जमिनीचा संक्रमणकाळ तीन वर्षांपर्यंत कमी करण्याचीही. कधीच रसायन न गेलेल्या डोंगरी जमिनीसाठी ही दुसरी सोय मोलाची आहे.

मामा : बरं, घेतलं प्रमाणपत्र. धान विकायचा कुठे? आमचा धान आदिवासी विकास महामंडळाच्या आधारभूत केंद्रावर जातो. तिथे माझ्या शेणखताच्या धानाची अन् युरियाच्या धानाची थप्पी एकच. भाव एकच, बोनस एकच.

भाची : तिथेच अडतं. वेगळा भाव हवा तर वेगळं साठवायला हवं, वेगळं भरडायला हवं. मूलच्या किंवा वडशाच्या राइस मिलमध्ये आधी दुसऱ्याचा धान गेला असेल तर यंत्र साफ करून सुरुवातीचा तांदूळ बाजूला काढावा लागतो, आणि मिलनेही तशी नोंद ठेवावी लागते. मिलवाला दहा-वीस पोत्यांसाठी हे करत नाही. म्हणून मी गट गट म्हणते.

मामा : अन् चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख? २९२० मेगावॅटचं आहे ते. कोळशाच्या खाणी आहेत. आमच्याकडे आता लोहखनिजाचे ट्रक धावतात. धूळ पानावर बसते. तुझा निरीक्षक मला विचारतो तू काय टाकलंस. वरून काय पडतं ते कोणाला विचारतो?

भाची : जोखीम म्हणून नोंदवतो. माती-पाण्याचा नमुना घ्यायला सांगू शकतो. पण खरं सांगू, प्रमाणपत्र हे शेती कशी केली याचं असतं. हवेत काय आहे त्याची हमी ते देत नाही.

भाचीचं हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि ग्राहकानंही ते समजून घ्यायला हवं. सेंद्रिय प्रमाणपत्र ही मुख्यतः प्रक्रियेची साक्ष आहे; गरजेप्रमाणे नमुने तपासले जातात, पण प्रत्येक दाण्याची तपासणी त्यात नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली चंद्रपूरला अतिप्रदूषित क्षेत्रांत धरलं होतं. खाणी आणि धुराड्यांजवळच्या शेतकऱ्याला याचा भुर्दंड दोनदा बसतो : आधी प्रकृतीला, मग बाजारात. त्या धुळीचा हिशेब त्याच्याकडून मागणं अन्याय आहे, आणि या बाबतीत मामांच्या रागाशी मी पूर्ण सहमत आहे.

भाची : आता मी तुमच्या बाजूनं बोलते मामाजी. शेत सोडा, जंगलाचं बोला. सेंद्रिय मानकांत रानातून गोळा केलेल्या मालाचा वेगळा विभाग आहे. २०२३-२४ मध्ये देशात राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सुमारे ७३ लाख हेक्टर क्षेत्र होतं, त्यातलं सुमारे २८ लाख हेक्टर वनोपज गोळा करण्याचं. मोह, हिरडा, बेहडा, चारोळी, मध, सगळं त्यात येऊ शकतं. अटी काय? गोळा करण्याचं क्षेत्र नकाशावर ठरलेलं हवं. तिथे बंदी असलेलं रसायन वापरलेलं नसावं. कोण गोळा करतं त्याची यादी हवी. जेवढं जंगल पुन्हा देऊ शकतं तेवढंच काढायचं. आणि त्या जंगलावर अधिकार असलेल्याची परवानगी.

मामा : अधिकार असलेल्याची म्हणजे आमचीच. मेंढा-लेखाला २००९ साली अठराशे हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. पाचगावला, तुझ्या जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यात, २०१२ साली मिळाला. आमच्या ग्रामसभांकडे नकाशा आहे, सीमा आहे, यादी आहे. बांबू किती तोडायचा, कुठला कूप बंद ठेवायचा हे आम्ही ठरवतो. वाहतुकीचा परवाना ग्रामसभा देते. सांग, अजून कोणती वही पाहिजे?

भाची : हीच! तुमच्या हातात अर्धं काम झालेलं आहे, हेच तर मी सांगत होते. पाचगावनं तेंदूपान तोडणंच बंद केलं, कारण त्यासाठी झाडं छाटतात, आगी लावतात. रोख पैसा सोडला त्यांनी. असा निर्णय कोणत्याही निरीक्षकाला दाखवा. जंगल सांभाळून माल काढता याचा याहून मोठा पुरावा दुसरा नाही. पण मोहाचं काय? फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तो तुमच्या गावात थांबला का?

मामा : काही घरांनी थांबवला. झाडून घेतात, जाळी अंथरतात. सगळ्यांनी नाही.

भाची : मग वहीत तसंच लिहायचं. मधाचं? आग्या मोहोळ जाळून पूर्ण पोळं उतरवतात की मधाचा भाग कापून अंडी-पिल्लांचा ठेवतात?

मामा : कापणारे आहेत, जाळणारेही आहेत.

भाची : तेही लिहायचं. तुमचा राग मला पटतो मामाजी, पण हे प्रश्न परक्यानं विचारायच्या आधी ग्रामसभेनं विचारायला हवेत.

इथे वादाचं वळण बदलतं, आणि माझं म्हणणंही इथेच आहे. या दोन जिल्ह्यांत प्रमाणीकरणाची पहिली पायरी ग्रामसभा असायला हवी. वनहक्क कायद्यानं ज्या गावांना जंगल सांभाळण्याचा आणि वनोपज विकण्याचा अधिकार दिला, त्यांच्याकडे नियम करण्याचा, देखरेखीचा आणि दंड करण्याचा अनुभव आहे. शहरातल्या कचेरीत बसून बनवलेल्या गटाला हा अनुभव विकत घेता येत नाही. देशात मोठ्या क्षेत्राचं एकत्रित प्रमाणीकरण झाल्याचं उदाहरणही आहे. कार निकोबार आणि नानकौरी बेटांवरचं १४,४९१ हेक्टर क्षेत्र पीजीएस-इंडियाखाली अशा पद्धतीने पहिल्यांदा प्रमाणित झालं. जिथे रसायन गेलेलंच नाही अशा आदिवासी भागांसाठी आणि बेटांसाठीच ती पद्धत आखलेली आहे, आणि तिच्यात वर्षानुवर्षं थांबावं लागत नाही. भामरागड-एटापल्लीच्या ज्या गावांत खरोखर रसायन पोचलेलं नाही, तिथे शासनानं आणि ग्रामसभांनी मिळून हा विचार करायला हवा. उशीर झाला तर हे सांगण्याजोगं क्षेत्रच उरणार नाही.

मामा : बाई, ग्रामसभेत मांडतो मी. पण दोन गोष्टी आधी ठरवू. पहिली, तुझ्या कंपनीनं आमचा मोह, हिरडा, मध विकावा, पण प्रमाणपत्र ग्रामसभेच्या नावावर. कंपनीशी आमचं बिनसलं तर नकाशा, याद्या, वह्या सगळ्या आमच्याकडे राहिल्या पाहिजेत.

भाची : मान्य. कराराच्या पहिल्या कलमात घालते. तुमच्याशिवाय मालक कोणी नाही. दुसरी?

मामा : दुसरी, धानाचं आम्ही पीजीएसनं करू. परदेशी तांदूळ पाठवायचा नाही आम्हाला. गडचिरोलीला, नागपूरला विकला तरी पुरे. मोह अन् हिरड्याला बाहेरचा खरेदीदार मिळत असेल तर तुझा त्रयस्थ येऊ दे. तेव्हा त्याचा खर्च कंपनीनं मालाच्या भावातून वेगळा दाखवायचा, आमच्या मजुरीतून कापायचा नाही.

भाची : हेही जमेल. माझी एक अट. पहिल्या वर्षाच्या वहीत ज्या घरांनी युरिया टाकला त्यांची नावं यायला हवीत. तुमचा सख्खा भाऊ असला तरी.

मामा : भावानं दोन वर्षांमागे टाकला होता. वरच्या बांधीत. त्याच्या घराचं नाव पहिलं लिही. त्याला काय सांगायचं ते मी सांगतो.

भाची : त्याच्या शेताचा संक्रमणकाळ आजपासून मोजू. तुमचं शेत खालच्या अंगाला आहे ना? मग तुमचंही पाणी तपासावं लागेल.